रात्री बाराला संपणारं ई-वे बिल आणि तुमच्या टेबलावरचं सामान

नागपुरात वाडीत, कापसीला, लकडगंजात किंवा कळमन्याच्या आसपास ट्रान्सपोर्टचं नवं ऑफिस उघडलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा चुकते. बर्डीच्या बाजारात जायचं, बजेट सांगायचं आणि दुकानदार जे जुळवून देईल ते उचलून आणायचं. डेस्कटॉप, प्रिंटर, यूपीएस, झालं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा हे सामान उत्तम चालतं. गाड्यांच्या कागदांचं काम मात्र अडतं रात्री. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टरने माल घेतल्याची पावती, ई-वे बिल म्हणजे माल नेताना सोबत लागणारा, पोर्टलवर काढायचा जीएसटीचा कागद, आणि फिटनेस, परमिट हे गाडीचे कागद. म्हणून आधी यंत्रांचं न बोलता घड्याळाचं बोलू.

साध्या मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या उरलेल्या तुकड्याला, एक दिवस मिळतो. १ जानेवारी २०२१ च्या आधी तो १०० किलोमीटरला मिळायचा. नागपूर ते रायपूर साधारण २९० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. समृद्धीवरून मुंबईकडे ७०१ किलोमीटर, म्हणजे चार. बिलाच्या भाग-ब मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, गाडी नंबर पहिल्यांदा भरला की मुदत सुरू होते आणि पहिला दिवस पुढच्या तारखेच्या रात्री बाराला संपतो. सोमवारी रात्री दहाला रायपूरची गाडी भरली, तर बिल बुधवारी रात्री बारापर्यंत चालतं. गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर भाग-ब नव्याने भरायचा, पण मुदत जुनीच राहते. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते.

मुदत संपते रात्री बाराला. त्यामुळे वाढवायची खिडकी दुपारी चार ते दुसऱ्या सकाळी आठ. ऑफिस संध्याकाळी आठला बंद होतं आणि सकाळी दहाला उघडतं. सोळा तासांपैकी बारा तास तुमच्या खुर्चीवर कोणी नसतं, आणि सकाळी कुलूप उघडेपर्यंत खिडकी दोन तास आधीच बंद झालेली असते. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडवली, तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली करपात्र मालावर कराच्या २०० टक्के दंड भरून ती सोडवावी लागते. सामान निवडताना हे बारा तास डोळ्यासमोर ठेवा.

म्हणून पहिलं यंत्र लॅपटॉप. घरी नेता येतो, लाइट गेली तरी चालतो, मोबाइलच्या नेटवर चालतो. फार भारी लागत नाही: आय-३ किंवा रायझन-३, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. ४ जीबी रॅमचा स्वस्त घेऊ नका, कारण ब्राउझरच्या सहा खिडक्या, एक्सेल आणि व्हॉट्सअॅप एकत्र उघडले की तो गुडघे टेकतो. जुना घ्यायचा असेल तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या पिढ्यांवर नीट बसत नाही. सोबत नंबर-पॅड असलेला साधा यूएसबी कीबोर्ड आवर्जून घ्या. दिवसभर १२ आकडी ई-वे बिल नंबर आणि १५ अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) टाकायचे असतात. मोबाइलच्या पडद्यावर एमएच-४० चा एमएच-४९ कधी झाला ते कळतही नाही. जीएसटीच्या १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे गाडी नंबरात एक-दोन अंकांची चूक असेल आणि बाकी सगळं बरोबर असेल, तर केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० रुपये भरून सुटता येतं. पण रस्त्यावर गाडी उभी राहिलेला वेळ कोणी परत देत नाही.

आता ज्या गोष्टीत बहुतेक नवे लोक अडकतात ती. मीही इथेच अडकलो होतो, म्हणून तिला जास्त जागा देतो. लॅपटॉप आहे, नेट आहे, पासवर्ड पाठ आहे, आणि रात्री साडेअकराला पोर्टल ओटीपी मागतं. तो जातो मालकाच्या नंबरवर. मालक झोपलेला, लग्नाला गेलेला किंवा विमानात. त्याहून वाईट म्हणजे तो जातो जीएसटी नोंदणी करताना टाकलेल्या कर-सल्लागाराच्या नंबरवर. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांनाच हे दुहेरी लॉगिन लागतं. महागडं यंत्र घेतलं तरी ओटीपीचा फोन हाताशी नसेल तर ते निव्वळ खोकं आहे.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही करा. पहिला, मुख्य युजरआयडीमधून प्रत्येक माणसाचा सब-युजर, म्हणजे मुख्य खात्याखालचं त्याचं वेगळं लॉगिन, तयार करा. प्रत्येकाचा मोबाइल नंबर वेगळा टाकता येतो आणि ओटीपी त्याच्याच नंबरवर येतो. बिल बनवणं, गाडी बदलणं, नाकारणं, अहवाल पाहणं हे हक्क वेगवेगळे देता येतात. रात्रपाळीच्या पोराला गाडी बदलणं, मुदत वाढवणं या त्याच्या कामापुरतेच हक्क द्या. नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा सब-युजर बंद करा. दुसरा उपाय, ऑफिसच्या नावाने एक वेगळं सिम घ्या, ते बटणाच्या साध्या फोनमध्ये टाका आणि तो फोन कोणाच्या खिशात नाही, टेबलाच्या खणात राहील. त्याच्या रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण रिचार्ज संपलेल्या सिमवर काही दिवसांनी एसएमएसही येईनासे होतात. तिसरा, एनआयसी-जीएसटी-शील्ड हे अॅप बसवून ठेवा. ते पोर्टलवरच्या दुहेरी लॉगिनच्या पानावरूनच उतरवायचं असतं. दर ३० सेकंदांनी ते नवा ओटीपी दाखवतं आणि त्याला ना नेट लागतं ना रेंज. मात्र फोनचं घड्याळ मागेपुढे असेल तर ओटीपी चुकीचा ठरतो, म्हणून वेळ ‘आपोआप’ वर ठेवा. जाड पत्र्याच्या गोदामात, जिथे एसएमएस अर्ध्या तासाने येतो, तिथे हे अॅपच उपयोगी पडतं.

एक स्पष्ट सांगतो. “युजरआयडी-पासवर्ड माझ्याकडे ठेव, सगळी बिलं मीच काढून देतो” असं म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. सुरुवातीला सोय वाटते आणि सहा महिन्यांनी तुमच्या नावावर कोणती बिलं निघाली हे तुम्हालाच माहीत नसतं. शिकायचंच असेल तर वीस वर्षं बिल्टी लिहिलेल्या एखाद्या दिवाणजीजवळ पंधरा दिवस बसा. त्याला माउस धरता येत नसेल, पण कोणता कागद का लागतो हे त्याला जितकं कळतं तितकं व्हिडिओ पाहून कळत नाही. गाडी लागायच्या आधीच कोणताही नंबर टाकून बिल काढून ठेवायचं आणि मग बदलायचं, हा शॉर्टकटही कोणी सांगेल. मुदत त्याच क्षणापासून धावायला लागते. करू नका.

इंटरनेटच्या बाबतीत वेगाच्या मागे धावू नका. ३०-४० एमबीपीएसची फायबर लाइन या कामाला भरपूर आहे. तुटू नये, एवढंच महत्त्वाचं. फायबर असेल तर त्याच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा मिनी-यूपीएस लावा, कारण लाइट गेल्यावर लॅपटॉप जिवंत राहतो आणि नेट मरतं. दुसरी वाट म्हणून वेगळ्या कंपनीचं मोबाइल डेटाचं सिम ठेवा. एकाच कंपनीची फायबर आणि सिम घेतली की दोन्ही एकदमच बसतात. ते सिम निवडताना दोन-तीन कंपन्यांचे फोन घेऊन संध्याकाळी सात ते नऊच्या वेळात, शटर अर्धं ओढून, तुम्ही बसणार आहात त्याच खुर्चीत तपासा. दुपारी बाहेर उभं राहून घेतलेली स्पीड-टेस्ट काही सांगत नाही.

ज्या गोदामात फायबर येत नाही, तिथे ४जी राउटर बाहेरच्या अँटेनासह घ्या. इथे एक चूक हमखास होते: राउटर टेबलावर ठेवून अँटेनाची वायर दहा मीटर छतापर्यंत नेतात. लांब अँटेना-वायरमध्ये सिग्नल गळून जातो. राउटर खिडकीजवळ किंवा छताखाली ठेवा, अँटेनाची वायर तीन-चार मीटरच्या आत ठेवा आणि तिथून टेबलापर्यंत लॅन केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत चालते. पोर्टलच बसलं, तर १ जुलै २०२५ पासून दुसरं ई-वे बिल पोर्टल सुरू आहे. गाडी नंबर बदलणं, मुदत वाढवणं तिथूनही होतं. दोन्ही पत्ते बुकमार्क करून ठेवा.

प्रिंटरवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. तीन प्रती असलेली कार्बनची बिल्टी छापायची असेल तर डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही, कारण खालच्या प्रतीवर ठसा उमटवायला पिनचा मार लागतो. ८० कॉलमचा ९ पिनी पुरतो. एकेक प्रत वेगळी छापायची तर लेझर घ्या. पण लेझर यूपीएसवर कधीच लावू नका. कागद तापवायला तो काही क्षण ८००-१००० वॅट ओढतो, तर ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. छापायला सुरुवात झाली की यूपीएस ट्रिप होतो आणि त्याच्यावरचा डेस्कटॉपही बंद पडतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात म्हणूनच शाईच्या टाकीचा प्रिंटर बरा. त्याला काही वॅटच लागतात, तो इन्व्हर्टरवरही चालतो. फक्त काळी शाई पिगमेंटची आहे का ते विचारून घ्या. डायच्या शाईचं बिल पावसाळ्यात ड्रायव्हरच्या ओल्या हातात गेलं की अक्षरं पसरतात. टाकीच्या प्रिंटरवर आठवड्यातून एक तरी पान छापा, नाहीतर मे महिन्यात हेड सुकतं.

थर्मल प्रिंटर या कामाला घेऊच नका. ती पट्टी उष्णतेने काळी होते. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवस ठेवलेली पट्टी बघा: कडा तपकिरी, मधला मजकूर राखाडी, क्यूआर कोड स्कॅन होत नाही.

कूलरचंही सांगायला हवं. ऑफिसात कूलर लागणारच, पण त्याच्या झोतात प्रिंटर आणि कागदाचं रिम ठेवू नका. ओल्या हवेने कागद मऊ पडतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकत्र ओढली जातात आणि छपाई फिकी येते. उघडलेलं रिम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा. लॅपटॉप बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो आणि पत्र्याखाली आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त होतं. त्याला झोताच्या बाजूला, पण झोतात नाही, असं बसवा. कळमन्यात मिरचीच्या आडतीजवळ बसत असाल तर पंख्याची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करा.

ड्रायव्हरच्या फोनबद्दल थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. ४ जीबी रॅम, चांगला कॅमेरा, मोठी बॅटरी. चार्जर १२-२४ व्होल्टचा असल्याचं त्यावर लिहिलेलं पाहूनच घ्या. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते आणि कारचा १२ व्होल्टचा चार्जर त्यात जळतो, कधी फोन घेऊनच. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरला तुमच्यासमोर प्रत्येक पीडीएफ उघडायला लावा. व्हॉट्सअॅपमध्ये फाइलवर खाली जाणारा बाण दिसतोय, म्हणजे ती फोनमध्ये उतरलेलीच नाही. मनसर सोडून खवासाकडे जाताना पेंचच्या जंगलात रेंज गेली की तो बाण फिरतच राहतो. डिजिलॉकरमधले आरसी आणि लायसन कायद्याने चालतात, तेही आधीच उतरवून ठेवायला सांगा. आणि ई-वे बिलाची एक कागदी प्रत तरीही द्या. मुदत वाढवायची वेळ आली की ड्रायव्हरकडून त्या जागेचं नाव, पिनकोड आणि उरलेलं अंतर हवं असतं. म्हणून दुपारी चारला, आज रात्री संपणाऱ्या बिलांची यादी काढून, प्रत्येक ड्रायव्हरला फोन करायचा. हे रोजचं काम समजा.

माल मिळाल्याच्या पोचेचा फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा फोटो दाबला जातो, शिक्का धूसर होतो आणि भाडं अडकतं. ऑफिसात स्कॅन २०० डीपीआय, करड्या रंगात करा. फाइलचं नाव तारीख, गाडी नंबर, बिल्टी नंबर या क्रमाने द्या. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ती ऑफिसात नाही, घरी ठेवा.

सगळं सामान आलं की पहिल्याच आठवड्यात एका रात्री साडेअकराला मेन स्विच बंद करा. लॅपटॉपवरून, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, रात्रपाळीच्या माणसाच्या सब-युजरने लॉगिन करा. ओटीपी किती सेकंदांत येतो ते घड्याळात बघा. मग शील्ड अॅपच्या ओटीपीने परत एकदा. एक जुनं बिल उघडा, इन्व्हर्टरवर छापा, ड्रायव्हरला पाठवा आणि त्याने उघडल्याचा फोन येईपर्यंत थांबा. जे अडेल ते दुसऱ्या दिवशी दुकानात परत न्या. बदलून द्यायची मुदत किती दिवसांची आहे ते खरेदीच्या वेळीच पावतीवर लिहून घेतलेलं असू द्या.