लेक्चरच्या नोट्स नीट कशा घ्यायच्या

सर बोलतात ते सगळं शब्दशः उतरवत बसू नका, हात चालतो पण डोक्यात काही शिरत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात काढलेली पद्धत मला तरी सगळ्यात भारी वाटते, पानाच्या डावीकडे अडीच इंच सोडून उभी रेघ मारायची, खाली दोन इंच मोकळे ठेवायचे आणि लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं, तेही तोडकंमोडकं, 'किंमत ↑ मागणी ↓' एवढं बास. मराठी मीडियमवाल्यांनो, बिनधास्त मराठीत लिहा, टर्म तेवढी इंग्लिश ठेवा कारण पेपरात तीच लागते. एखादं वाक्य सुटलं तर जागा सोडून पुढे चला, नंतर मित्राला विचारा. त्याच संध्याकाळी डावीकडे प्रश्न लिहायचे, उजवी बाजू झाकून उत्तरं मोठ्याने बोलायची आणि खाली दोन ओळीत सार लिहून टाकायचं.