आयरिश पूर्वजांनी आडनाव का बदललं, हे शोधायचं कसं

आधी ती एलिस आयलंडवाली, म्हणजे न्यूयॉर्कच्या ज्या केंद्रात बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथली, गोष्ट डोक्यातून काढा. कारकुनाला नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून त्याने भलतंच लिहून टाकलं, ही कहाणी घराघरात सांगतात, पण तिथले लोक जहाजावरून आलेल्या यादीवर नावं फक्त तपासायचे. आणि ते केंद्र सुरूच झालं १८९२ ला, म्हणजे १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात जे अमेरिकेला गेले त्यांचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

"का" नंतर बघू, आधी "कधी" ते पकडा. जुनं आडनाव असलेला शेवटचा कागद आणि नवीन आडनाव असलेला पहिला कागद, या दोघांच्या मधली वर्षं जेवढी कमी करता येतील तेवढी करा. जन्म, मृत्यू आणि सगळ्यांची लग्नं १८६४ पासून सरकारी नोंदीत आहेत (कॅथलिक सोडून बाकीच्यांची लग्नं १८४५ पासून) आणि बरेचसे जुने दाखले आयरिश सरकारच्या वंशावळीच्या साईटवर फुकट दिसतात. त्याच्या मागे जायचं तर कॅथलिक चर्चची रजिस्टरं, ती आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने साधारण १८८० पर्यंतची ऑनलाईन टाकलीत. १९११ पर्यंतच्या जनगणनांतली मात्र अख्खी मिळते ती १९०१ आणि १९११ चीच, आधीच्यातलं बरंचसं १९२२ ला डब्लिनच्या सरकारी दफ्तराला लागलेल्या आगीत गेलं आणि काही तर सरकारनेच रद्दी केलं, काय बोलणार.

कागद बघताना नाव कोणी सांगितलं आणि कोणी लिहिलं ते बघा. बायकोने सहीच्या जागी फुली मारलीय, तर स्पेलिंग तिचं नाही, लिहिणाऱ्याचं आहे, आणि अशा वेळी "बदललं" म्हणायलाही मी तयार नाही.

खरी गंमत गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश भाषेतल्या, नावांत आहे. ओ म्हणजे नातू किंवा वंशज, मॅक म्हणजे मुलगा, इंग्रजी अंमलात हे पुढचे तुकडे गळून पडले, आणि १८९३ ला आयरिश भाषा जपायला गेलिक लीग ही संघटना निघाली त्या सुमारास बऱ्याच घरांनी परत लावले, त्यामुळे एक भाऊ सुलिव्हन आणि दुसरा ओ'सुलिव्हन असं दिसलं तर दचकू नका. कुठे कुठे भाषांतर झालं, मॅक गाव्हन म्हणजे लोहाराचा मुलगा, त्याचं कुठे मॅकगोवन झालं तर कुठे सरळ स्मिथ, म्हणजे इंग्रजीतला लोहार. आणि कुठे चुकीचं भाषांतर, मॅक कॉनरीमध्ये "री" म्हणजे राजा ऐकू आला म्हणून किंग! म्हणजे तुमचे स्मिथ इंग्लंडहून आले असं गृहीत धरू नका. यासाठी रॉबर्ट मॅथेसन यांची १९०१ ची यादी बघाच, ते नोंदणी खात्यातले होते आणि एकच माणूस कुठली दोन आडनावं आलटून पालटून वापरतो हे त्यांनी रजिस्ट्रारांकडून गोळा केलं.

मुद्दाम बदललेलं असेल तर कारण बहुतेक वेळा जमीन किंवा धर्म. इस्टेट हवी तर आमचं आडनाव लाव, अशी अट मृत्युपत्रात असायची, मग राजाची परवानगी घ्यायचे, त्याची नोंद सापडू शकते. धर्म बदलल्याच्या नोंदी कन्व्हर्ट रोल्समध्ये, म्हणजे कॅथलिक सोडून प्रोटेस्टंट झालेल्यांच्या याद्यांत, १७०३ पासूनच्या. आईने दुसरं लग्न केलं आणि पोरांना सावत्र बापाचं नाव चिकटलं, असंही होतं, ते बहुतेक वेळा आईच्या दुसऱ्या लग्नाच्या नोंदीत कळतं.

आणि दोन वेगळ्या आडनावांचं एकच घर आहे हे सिद्ध करायला नावाच्या मागे लागू नका, जागेच्या मागे लागा. टाउनलँड, म्हणजे तिथला जमिनीचा सगळ्यात छोटा विभाग, तोच आहे का, बाळांचे गॉडपेरेंट्स, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारे, तेच आहेत का. ग्रिफिथच्या १८४७ ते १८६४ च्या मूल्यांकनात (करासाठी जमिनींची किंमत ठरवली ते) जमीन कोणाकडे होती ते दिसतं आणि पुढे त्याच जमिनीवर कोण आलं ते नंतरच्या दुरुस्तीच्या वह्यांत वेगवेगळ्या रंगाच्या शाईने लिहिलंय. फक्त एक, तिथे नवीन आडनाव दिसलं की लगेच खूश होऊ नका, आधी त्या घरातल्या मुलींची लग्नं तपासा, कारण जमीन जावयाकडे गेली असेल तर कोणी आडनाव बदललेलंच नाही.