शाळेत नेटबॉल कोचिंग करायचंय? आधी शिट्टी वाजवायला शिका

गेल्या वर्षभरात निदान पाचसहा जणींनी मला हे विचारलंय, की तू शाळेत ते नेटबॉल शिकवतेस ते काम तुला कसं मिळालं आणि आम्हाला मिळेल का. दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून टाकते. नेटबॉल म्हणजे बास्केटबॉलसारखा, सात सात जणींचा खेळ. हे सगळं इंग्लंडमधलं आहे, आम्ही रेडिंगजवळ राहतो. दुसऱ्या देशात पद्धत वेगळी असेल.

मी मूळची सांगलीची. शाळेत खो-खो खेळले, जिल्ह्यापर्यंत, आणि कॉलेजात दोन वर्षं बास्केटबॉल. नेटबॉल मी इथे येईपर्यंत बघितलासुद्धा नव्हता. लेक इयर सेव्हनमध्ये गेली, म्हणजे आपली सहावी-सातवी धरा, आणि एक दिवस छातीवर डब्ल्यूडी (विंग डिफेन्स, खेळातली एक जागा) लिहिलेली बिब, म्हणजे कपड्यांवरून घालायचं बंडीसारखं, घालूनच घरी आली, काढायची विसरली होती. मला वाटलं काहीतरी शिक्षा झाली हिला.

तर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, विसा. हसू नका. नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर विसावर डिपेंडंट म्हणून आलेल्यांना जवळपास सगळं काम करता येतं, पण त्या अटींमध्ये खेळाडू म्हणून काम करायचं नाही असं असतं आणि त्यातच कोचसुद्धा येतो. स्टुडंट विसावाल्यांनापण तेच. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी माझं मीच वाचलं आणि दचकले. माझा आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, येईपर्यंत मी फक्त बाजूला उभं राहून स्कोअर लिहिला, कोचिंगला हात लावला नाही. तुमच्या विसावर काय लिहिलंय ते आधी नीट वाचा, शंका असेल तर वकिलाला विचारा, मैत्रिणीला नको, मलापण नको.

आता काम कसं मिळालं ते. शाळेच्या मागे दोन डांबरी कोर्टं, पीईची (आपलं पीटी) एकच टीचर आणि अठ्ठावीस मुली. समोरच्या शाळेची टीम आली की त्या बिचारीला एका कोर्टवर अंपायरिंग करायचं, दुसऱ्या कोर्टवर लक्ष ठेवायचं, कुणाचा घोटा मुरगळला तर बर्फ आणायचा, सगळं एकटीनं. नेटबॉलला दोन अंपायर लागतात, प्रत्येकीकडे अर्धं कोर्ट. शाळांच्या मॅचमध्ये बाहेरून अंपायर कुणी बोलवत नाही, दोन्ही शाळांच्या कोचच एकेक बाजू घेतात. मी स्कोअर लिहीत होते तेव्हा तिनं मला विचारलं, तुम्हाला अंपायरिंग येतं का? मी म्हटलं नाही. तिचा चेहरा असा पडला ना, की मी घरी येऊन त्याच रात्री नियम वाचायला बसले.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की कोचिंगच्या कोर्सच्या आधी अंपायरिंग शिका. सगळ्या जणी विचारतात ड्रिल कुठली घ्यायची, कुठले व्हिडिओ बघू. अगं ड्रिल काय शंभर मिळतात. शाळेला तातडीनं गरज असते ती गुरुवारी चार वाजता शिट्टी घेऊन अर्धं कोर्ट सांभाळणाऱ्या माणसाची. इंग्लंड नेटबॉल या इथल्या संघटनेचा अंपायरिंगचा अगदी सुरुवातीचा कोर्स असतो, पुढे सी अवॉर्ड, मग बी, मग ए. मी सुरुवातीचा केला आणि हेड ऑफ पीईला मेल टाकला की मी आता एक एंड, म्हणजे अर्धं कोर्ट, घेऊ शकते. दोन दिवसांत उत्तर. कोचिंगचं लेव्हल वन मी नंतर केलं, त्यात तुम्ही मदतनीस असता, एकटीनं सेशन घ्यायला त्याच्या पुढचं लागतं.

दुसरं कारण असं की शिट्टी वाजवल्याशिवाय हा खेळ कळतच नाही. लांबून तो बास्केटबॉलसारखा दिसतो, आणि आहेच तो त्याच्याच पोटचा, १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या बायकांच्या फिजिकल ट्रेनिंग कॉलेजात बास्केटबॉल बदलत बदलत हा झाला, १९०१ मध्ये नियम छापले. पण आपण बास्केटबॉल खेळलेल्या असलो की आपलीच जास्त फजिती. बॉल हातात आला की तीन सेकंदांत सोडायचा, ड्रिबल नाही, म्हणजे टप्पे देत पळायचं नाही. ज्या पायावर उतरलात तो उचलला तर परत टेकायच्या आत बॉल गेला पाहिजे. समोर अडवायला उभी राहणारी तीन फूट लांब, ०.९ मीटर. रिंग बास्केटबॉलएवढ्याच उंचीवर, ३.०५ मीटर, पण मागे बोर्ड नाही आणि रिंगसुद्धा लहान, ३८ सेंटीमीटर. मी पहिल्या दिवशी ऐटीत मुलींना शॉट मारून दाखवायला गेले, बॉल सपाट गेला आणि थेट कुंपणापलीकडे. मुली हसल्या, पण त्यानंतर माझ्याशी बोलायला लागल्या.

आणि झोन. कोर्टचे तीन भाग, सात जणी, प्रत्येकीच्या बिबवर अक्षरं आणि त्या अक्षरांनुसार कुठं जायचं ते ठरलेलं. जीएस, म्हणजे गोल शूटर, फक्त जिथं गोल करायचा त्या टोकाच्या भागात, सी, म्हणजे सेंटर, सगळीकडे पण दोन्ही गोल सर्कल (रिंगसमोरची अर्धवर्तुळं) सोडून. खो-खो खेळलेल्या माणसाला हे पटकन कळतं बघा, कारण आपल्याला सवयच असते की खो मिळाला की मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही. म्हणजे मैदान मोकळं दिसतंय पण तुला तिथं जायचं नाहीये. इथल्या मुलींना हेच जड जातं. पहिले तीन आठवडे बॉल जिकडे तिकडे सगळ्या, गुळाला मुंगळे लागल्यासारख्या.

यावर मी काय करते तर बॉलच काढून घेते. दोघी दोघींच्या जोड्या, एकीनं हुलकावणी द्यायची, दुसरीनं चिकटून राहायचं, दहा सेकंद, मग बदली. अगदी आपली खो-खोची हुलकावणी, खांदा एकीकडे पाय दुसरीकडे. हे दोन आठवडे केलं की बॉल परत दिल्यावर मोकळ्या जागेत जायचं म्हणजे काय ते त्यांना आपोआप कळायला लागतं. त्या याला सांगली डॉज म्हणतात. उच्चार काय करतात ते विचारू नका.

माझी पहिली मॅच सांगते, म्हणजे तुम्ही तरी सुधाराल. नेटबॉलमध्ये गोल कुणीही करो, मधून सुरू करायचा पास आलटून पालटून मिळतो, एकदा यांना एकदा त्यांना. तो हिशोब अंपायरला ठेवावा लागतो. मी गोल मोजण्यात एवढी गुंग की आमच्याच मुलींना लागोपाठ दोनदा सेंटर पास देऊन मोकळी झाले. समोरच्या शाळेची कोच मध्यंतरात माझ्याकडे आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली की मला वाटतं एक पास इकडे तिकडे झाला असावा. इंग्लिश माणूस इतकं हळू बोलला की समजायचं आपण मोठा घोळ घातलाय. तेव्हापासून मनगटात केसांचा रबर घालते, आमचा पास असला की डाव्या हातात, त्यांचा असला की उजव्या हातात. गेली चार वर्षं हेच चाललंय, अजून चुकले नाही.

कागदपत्रं. एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद नाही ना याची तपासणी, लागतोच, तो शाळाच काढते, पण इथं पाच वर्षांत चार घरं बदलली असतील तर जुने पत्ते तारखांसकट तयार ठेवा. मग सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, ट्रेनिंग. हे कंटाळवाणं वाटतं पण मन लावून करा, कारण आपल्याकडच्या सवयी इथं अडचणीत आणतात. पाऊस पडतोय, मुलगी एकटी उभी आहे, आपण काय म्हणतो, चल गं सोडते गाडीतून. नाही चालत. तिला घ्यायला येईपर्यंत थांबायचं, शाळेतलं आणखी कुणीतरी सोबत असलेलं बरं. मुलींचे नंबर आपल्या फोनमध्ये नकोत. आणि एखादी काही खाजगी सांगायला लागली तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं आणि सेफगार्डिंग लीडला त्याच दिवशी सांगायचं. माझ्यावर ही वेळ एकदा आली. जास्त लिहीत नाही, पण ट्रेनिंग झालेलं होतं म्हणून निभावलं.

पैशाचं बोलूया, कारण ते कुणी धड बोलत नाही. तासावर मिळतात. क्लब सव्वातीन ते साडेचार, आठवड्यातून दोनदा, आणि एक मॅच. बिब धुणं, टीमची यादी, मिनीबसमध्ये बसून जाणं येणं हे निम्म्या शाळा धरत नाहीत, म्हणून आधीच विचारा की मॅचच्या दिवशी किती तास लिहायचे. मला हे विचारायची लाज वाटली आणि पहिली टर्म फुकट गेली म्हणा ना. नेटबॉल सप्टेंबर ते मार्च, मग राउंडर्स (बॅट-बॉलचा खेळ) सुरू होतं, ते येत नसेल तर उन्हाळ्यात कमाई शून्य. सुट्ट्यांत शून्य. डिसेंबरात चारला अंधार, कोर्टवर बर्फाचा पापुद्रा धरला की मॅच रद्द, त्याचे पैसे मिळतात का तेही विचारून ठेवा. घरखर्च यावर भागत नाही. माझी दुसरी पार्टटाइम नोकरी आहे म्हणून जमतं.

खरं डोकं खातात ती दागिने आणि नखं. नियम असा की दागिना नाही, फक्त लग्नाची अंगठी आणि मेडिकल ब्रेसलेट टेप लावून चालतं, नखं कापलेली. आता चौदा वर्षांच्या पोरीनं शनिवारी वाढदिवसाला ॲक्रिलिक नखं लावून घेतलेली असतात आणि मंगळवारी मॅच. किंवा कान कालच टोचलेत, मिस, सहा आठवडे काढायचं नाही सांगितलंय. मी आता वाद घालत नाही, तिला स्कोअर लिहायला बसवते. दोन मॅच बसली की नखं आपोआप गायब होतात.

आणि बिबवरून भांडणं तर विचारूच नका. सगळ्यांना सी किंवा जीए (गोल अटॅक, तीपण गोल मारते) व्हायचंय, डब्ल्यूडी कुणालाच नको. माझ्या लेकीला ती बिब का मिळाली होती हे मला नंतर कळलं, ती कुरकुर करत नाही म्हणून. एक चूक मी पहिल्या वर्षी केली ती तुम्ही करू नका, उंच मुलीला उचलून गोलकीपर केलं. इयर सेव्हनमधली सगळ्यात उंच मुलगी इयर नाइनमध्ये मधली होते, बाकीच्या तिच्यापुढे जातात, आणि हिला तीन वर्षांत सर्कलच्या बाहेर खेळता येत नाही. आता ख्रिसमसपर्यंत मी दर आठवड्याला बिब फिरवते. आया तक्रार करतात, विशेषतः ज्यांनी २०१८ ची कॉमनवेल्थची फायनल बघितलीय त्या, इंग्लंडनं शेवटच्या सेकंदाला हेलन हाउस्बीच्या गोलवर ऑस्ट्रेलियाला ५२-५१ हरवलं होतं ना, तेव्हापासून प्रत्येकीला आपली लेक शूटरच वाटते. मी ऐकून घेते.

वॉर्मअप मात्र मी पाच मिनिटांनीसुद्धा कमी करत नाही. हा खेळ धावत येऊन उडी मारून एकदम थांबायचा आहे आणि मुलींचे गुडघे तिथंच जातात. दोन्ही पायांवर उतरा, गुडघे वाकवा, आत वळू देऊ नका, हे मी एवढ्यांदा बोलते की माझी नक्कल करतात. आणि थंडीत दमा असलेल्या मुलींचा इन्हेलर वर्गातल्या बॅगेत नाही, कोर्टच्या कडेला पाहिजे, सुरू करायच्या आधी डोळ्यांनी बघा.

शाळांना मेल टाकायचा असेल तर जूनमध्ये टाका, पुढच्या वर्षाच्या क्लबचं वेळापत्रक तेव्हा ठरतं, सप्टेंबरात सगळे गडबडीत असतात आणि तुमचा मेल कुणी उघडतपण नाही. सीव्ही जोडायची गरज नाही. हेड ऑफ पीईच्या नावानं चार ओळी, कुठल्या दिवशी सव्वातीनला पोचू शकता ते, आणि पहिल्याच ओळीत लिहा की अंपायरिंग करते.