मुलांच्या गोष्टीत नको तो अर्थ डोकावतो तेव्हा

मुलांसाठी लिहिताना नकळत होणारा द्व्यर्थ शब्दात क्वचित असतो, बहुतेक वेळा तो वाक्यात असतो. म्हणून 'वाईट' शब्दांची यादी करून ते हस्तलिखितातून हद्दपार करू नका. तसं केलं तर गोट्या, केळी, भोक, शेपूट, चोखून खाल्लेला आंबा असं मुलांचं अर्धं जग गोष्टीबाहेर जाईल. वाक्य कुठे घसरतंय ते शोधायचं आणि तेवढंच सावरायचं.

मराठीत ते घसरतं मुख्यतः कर्म गाळल्यामुळे. घालणे, काढणे, लावणे, मारणे, करणे, हलवणे, दाखवणे ही क्रियापदं कर्माशिवाय आली की रिकामी जागा वाचणारा आपल्या मनाने भरतो. त्यात 'त्याचं', 'ते' अशी नपुंसकलिंगी सर्वनामं आली आणि मूळ नाम चार ओळी मागे राहिलं, की झालंच. 'हत्तीने काढून दाखवलं आणि सगळे बघतच राहिले.' लेखकाच्या डोळ्यांसमोर सोंडेत लपवलेलं कणीस आहे. पण वर्गात कोणी मोठ्याने वाचत असेल तर मुलांच्या कानावर एवढंच वाक्य पडतं, एक जण खुदकन हसतो आणि पुढची गोष्ट कोणीच ऐकत नाही. 'हत्तीने सोंडेतलं कणीस बाहेर काढलं आणि सगळे बघतच राहिले' असं लिहिलं की प्रश्न मिटला. कर्म परत आणणं हा पहिला उपाय, आणि निम्म्याहून अधिक जागी तोच पुरतो.

दुसरा उपाय म्हणजे नेमकं क्रियापद. 'घातलं' आपण सवयीने कुठेही वापरतो. त्याऐवजी ओतलं, रोवलं, अडकवलं, मिसळलं यांतलं जे खरं असेल ते लिहा. वाक्यही सुधारतं. तिसरी खबरदारी षष्ठीची, म्हणजे चा-ची-चे या प्रत्ययांची. 'आंबेवालीचे आंबे दाबून बघितले' हे वाक्य मोठ्या माणसाला न अडखळता वाचता येणार नाही. 'टोपलीतले आंबे देठापाशी हलकेच दाबून बघितले' निर्धास्त वाचता येतं. फळ टोपलीला जोडा, माणसाला नको. गोट्याही डब्यात किंवा पिशवीत राहू द्या, कोणाच्या नावाला चिकटवू नका. 'आजीबरोबर झोपणे'पेक्षा 'आजीजवळ' किंवा 'आजीच्या कुशीत' बरं, आणि जास्त मायेचंही.

हे सगळं नजरेने सापडत नाही, कारण लिहिणाऱ्याला संदर्भ पाठ असतो. फाइलमध्ये क्रियापदांची मुळं एकेक करून शोधा: घाल, घात, काढ, लाव, मार, दाब, चोख, चाट, घुस, चढ, हलव, झोप. सापडलेलं प्रत्येक वाक्य एकटं वाचा, मागचं-पुढचं झाकून. कर्म त्याच वाक्यात आहे का, एवढंच बघायचं.

काही शब्दांना मात्र पर्याय नाही. गांडूळ हे गांडूळच. शेतकऱ्याचा मित्र, गांडूळखत हे सगळं मुलं शाळेत शिकतात, त्यामुळे शब्द टाळणं हास्यास्पद ठरेल. पात्र गांडुळाचं असेल तर त्याला वळवळ्यासारखं स्वतंत्र नाव द्या, म्हणजे मूळ शब्द पानोपानी येणार नाही. 'गांडूळ'चं लाडाचं छोटं रूप मात्र कधीही करू नका. अर्जुनाच्या धनुष्याचंही तेच. 'गांडीव' ठेवा, पण त्याला विभक्ती लावू नका. 'गांडीवाला प्रत्यंचा लावली' हे नीट वाचायला शिक्षकांनाही जड जाईल. 'गांडीव धनुष्याला प्रत्यंचा चढवली' म्हणा, प्रत्यय धनुष्याला लागू दे. स्पर्धेच्या गोष्टीतलं 'उत्तेजनार्थ बक्षीस' सरळ 'प्रोत्साहनपर' करा. मांजरीचं नाव 'पुसी' एके काळी घरोघरी चालायचं. इंग्रजी कळणारी आजची मुलं ते वेगळं ऐकतात. मनी किंवा माऊ ठेवा.

उद्गारांकडे लेखकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. 'च्यायला' आईवरून आलंय, 'शिंच्या' शिंदळीवरून, आणि मुंबईकडचं 'अरे भेंडी!' हे कोणत्या शिवीचं सोवळं रूप आहे ते पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. कुमारांच्या कादंबरीत एखादं पात्र असं बोलत असेल तर ते जाणूनबुजून लिहा. लहान मुलांच्या पुस्तकात 'रताळ्या' आणि 'गाढवा' भरपूर कामाला येतात.

मजकूर मांडणीला गेला की नवे धोके येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना अनुस्वार इकडचे तिकडे होऊ शकतात, आणि 'गाडीवर'वर एक फालतू टिंब पडलं की काय होतं ते सांगायला नको. रूपांतरानंतर 'गांड' ही अक्षरं पुन्हा शोधा. ओळीच्या शेवटी शब्द तुटत असेल तर गांडूळ, गांडीव, लवंडला हे शब्द अखंड पुढच्या ओळीत ढकला. चित्रंही मजकुराशेजारी ठेवूनच तपासा. काठी, बासरी, पाण्याचा पाइप, केळं या वस्तू पात्राच्या कमरेशी, समोर रोखलेल्या नकोत. चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघितलं तर आकार कसा दिसतो ते लगेच कळतं.

वाचून घ्यायला तीन माणसं पुरतात: मोठ्याने वाचणारी प्राथमिक शिक्षिका, कॉलेजातला कोणीतरी (नवी बोली त्यालाच ठाऊक), आणि तुमच्या भागाबाहेरचा एक वाचक. पुण्यात निरुपद्रवी असलेला शब्द नागपुरात किंवा गोव्यात तसाच असेल असं नाही. मुलांना मात्र 'यात काही घाण वाटतं का' असं विचारू नका. त्यांना नुसतं वाचू द्या आणि ती कुठे हसतात तिथे खूण करा.

शब्दांपेक्षा गंभीर बाब प्रसंगांची आहे, आणि इथे हसू येत नाही, काळजी वाटते. शेजारचे काका मुलीला एकटीला माळ्यावर नेतात, काहीतरी दाखवतात आणि म्हणतात, 'हे आपल्या दोघांतलं गुपित, घरी सांगायचं नाही.' लेखकाच्या मनात माळ्यावर मांजरीची पिल्लं आहेत. पण मुलांना सुरक्षित स्पर्शाबद्दल शिकवताना नेमकं हेच सांगतात की, असं गुपित ठेवायला लावणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल घरी सांगा. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला. पालकांचे कानही या बाबतीत आता तयार आहेत. शब्द बदलून हा प्रसंग सुधारत नाही, रचना बदलावी लागते. काकांबरोबर दोन-तीन मुलं जाऊ द्या, किंवा गुपित मुलांचं आपापसांतलं करा. गुपित कथेला हवंच असेल तर ते वाढदिवसाच्या भेटीसारखं, ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडणारं असू द्या. आणि मुलीने घरी सांगितलं तर गोष्टीत तिला चुगलखोर ठरवू नका.

छापून झाल्यावर चूक सापडली तर ई-आवृत्ती लगेच दुरुस्त करा आणि प्रकाशकाकडच्या प्रतीत त्या ओळीवर खूण करून ठेवा, म्हणजे पुनर्मुद्रणात ती सुटणार नाही.