खोदकामात हाडं निघाली? या चुका टाळा

पायासाठी चर खणताना मातीत एक लांबट, तपकिरी हाड दिसतं. वर दगड नाही, क्रॉस नाही, नाव नाही. कुणीतरी म्हणतं, 'जनावराचं असेल, चालू दे काम.' अशा वेळी अंदाज बांधू नका. अस्वलाच्या पंजाची हाडं माणसाच्या हाताच्या हाडांसारखी दिसतात, तिथं नवखी नजर हमखास फसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाड उचलणं. बरेच जण आदरापोटीच ते पिशवीत घालून बाजूला ठेवतात. पण खरी साक्ष असते ती भोवतालच्या मातीत. खड्डा खणून बुजवला की वरखालच्या थरांची माती मिसळते आणि रंग बदलतो. म्हणून वरचा थर अलगद खरवडल्यावर कधीकधी माणसाच्या लांबीचा काळपट आयत उमटतो. लाकूड कधीच कुजून गेलेलं असतं, तरी गंजलेल्या खिळ्यांच्या रांगेवरून शवपेटीच्या कडा कळतात. हाड उपसलं की हे सगळं विस्कटतं आणि हा गुन्हा आहे की जुनं दफन, हे ठरवणं अवघड होतं. काम थांबवा, जागा नुसती झाका, पोलिसांना कळवा.

'जमीन माझी आहे' हे उत्तर चालत नाही. अमेरिकेचा १९९० चा नॅगप्रा कायदा (मूळनिवासींच्या थडग्यांचं संरक्षण आणि त्यांचे अवशेष परत करण्याबद्दलचा) वाचून लोक म्हणतात, तो तर संघराज्याच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनींवरच्या दफनांपुरता आहे. खरं आहे, पण खासगी जमिनीवर राज्यांचे कायदे लागू होतात. फ्लोरिडात काम थांबवून मेडिकल एक्झॅमिनरला, म्हणजे मृत्यूंची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरला, कळवावं लागतं. मृत्यूला ७५ वर्षं किंवा जास्त झाली असतील, तर प्रकरण राज्याच्या पुरातत्त्वज्ञाकडे जातं. इंग्लंडमध्ये १८५७ च्या बरियल ॲक्टखाली पुरलेले अवशेष परवान्याशिवाय हलवणं गुन्हा ठरू शकतो. तुमच्याकडचा नियम काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.

खूण नाही म्हणून थडगं बेवारस होत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ग्लेनवुडजवळ रस्त्याच्या कामात २६ गोऱ्या वसाहतकारांचे अवशेष निघाले, ते पुन्हा पुरले गेले. तिथंच सापडलेली एक मूळनिवासी आई आणि तिचं बाळ मात्र अभ्यासासाठी प्रयोगशाळेत धाडले गेले. हे वाचताना आजही गलबलून येतं. महामार्ग विभागात काम करणाऱ्या नवऱ्याकडून हे कळल्यावर मूळनिवासी समाजातल्याच मारिया पिअर्सन थेट गव्हर्नरकडे गेल्या. त्यांच्या लढ्यातून १९७६ चा आयोवाचा दफन संरक्षण कायदा आला.

रडारवरही विसंबू नका. जमिनीत लहरी सोडणारं हे यंत्र सहसा हाडं दाखवत नाही, मातीतली उलथापालथ दाखवतं, आणि चिकणमातीत लहरी लवकर विरतात. 'रडारमध्ये काही नाही' म्हणजे जागा मोकळी आहे असं नव्हे.

आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. ठिकाण फुटलं की वस्तू चोरणारे रातोरात पोचतात. काढायचाच तर शेजारी मोजपट्टी ठेवून, हाडाला हात न लावता काढा आणि फक्त अधिकाऱ्यांना पाठवा.