उच्च शिक्षण प्रशासनात पीएचडी करताय? या चुका टाळा

मुंबईत उच्च शिक्षण प्रशासनाच्या पीएचडीकडे वळणारी बहुतेक माणसे नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली नसतात. कुणी उपप्राचार्य असतात, कुणी आयक्यूएसीचे (महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक, तर कुणी परीक्षा विभागात पंधरा-वीस वर्षे काढलेले अधिकारी. प्रवेशाची गर्दी, रोस्टरची म्हणजे आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाची तयारी, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातल्या खेपा हे सगळे त्यांनी निभावलेले असते. त्यामुळे विषय आपल्याला ठाऊकच आहे, आता तो फक्त लिहून काढायचा आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. अशा संशोधकांचे आराखडे मी बरीच वर्षे वाचत आले आहे, आणि घोडे पेंड खाते ते नेमके याच समजुतीपाशी. टेबलावरची अडचण हा अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नसतो; तो करावा लागतो, आणि त्या कामाला वेळ द्यावा लागतो.

पहिली खूण शीर्षकातच दिसते. ‘मुंबईतील महाविद्यालयांच्या प्रशासनाचा चिकित्सक अभ्यास’ अशा शीर्षकात मुंबई आहे, महाविद्यालये आहेत, प्रशासनही आहे, पण प्रश्न नाही. त्याऐवजी एकच व्यवस्था धरावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये महाविद्यालय विकास समितीची तरतूद आहे. या समितीत शिक्षक व शिक्षकेतर प्रतिनिधींनी मांडलेल्या विषयांचे पुढे काय होते, ते इतिवृत्तात कसे उतरते आणि अंदाजपत्रकात त्यातले किती पोहोचते, एवढाच प्रश्न चार-पाच अनुदानित महाविद्यालयांत नीट तपासला तरी प्रबंध उभा राहतो. स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयात परीक्षा विभागाचे कोणते निर्णय खरोखर महाविद्यालयाच्या हाती आले आणि कोणते पूर्वीसारखेच विद्यापीठाकडे राहिले, हाही असाच हाताळता येणारा प्रश्न आहे. आराखडा लिहिण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आपल्या विषयाजवळचे प्रबंध उघडून त्यांची शेवटची प्रकरणे वाचावीत. पुढील संशोधनासाठी तिथे सुचवलेल्या दिशा सहसा कुणी वाचतच नाही.

यापेक्षा गंभीर चूक आपल्याच संस्थेत संशोधन करताना होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. कार्यालयीन अधीक्षक किंवा उपप्राचार्य या नात्याने जी कपाटे तुम्हाला उघडता येतात, ती संशोधक म्हणून उघडता येतातच असे नाही. सेवापुस्तके, गोपनीय अहवाल, तक्रार निवारण समितीची कागदपत्रे तुमच्या ताब्यात असतात ती पदामुळे, आणि त्या पदाचा अधिकार प्रबंधाला मिळत नाही. म्हणून प्राचार्यांची आणि व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि कोणते कागद, कोणत्या वर्षांचे, कशासाठी पाहणार आहात ते त्यात स्पष्ट लिहावे. तोंडी ‘हो, बघा ना’ यावर विसंबू नये. प्राचार्य बदलतात, आणि नव्या प्राचार्यांनी हरकत घेतली की दोन वर्षांत जमवलेली माहिती वापरता येत नाही.

त्यातही नाजूक बाब मुलाखतींची आहे. ज्याच्या रजेच्या अर्जावर तुम्ही सही करता, तो लिपिक तुमच्यासमोर बसून कार्यालयातल्या दिरंगाईची खरी कारणे सांगेल, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. तो तुम्हाला बरे वाटेल तेच बोलेल, आणि तुम्ही ते निष्कर्ष म्हणून छापाल. अशा वेळी आपल्या हाताखालच्या माणसांना नमुन्यातून वगळावे, किंवा दुसऱ्या महाविद्यालयात काम करणाऱ्या सहसंशोधकाकडून त्या मुलाखती घ्याव्यात आणि हे केल्याचे पद्धतीच्या प्रकरणात नमूद करावे. नाव न छापणे एवढ्याने गोपनीयता पाळली जात नाही, हेही लक्षात ठेवावे. ‘दक्षिण मुंबईतील, समुद्राजवळचे, शंभर वर्षांहून जुने महाविद्यालय’ असे लिहिले की वाचणारा अर्ध्या मिनिटात इमारतीपर्यंत पोहोचतो. संस्थेचे वर्णन अभ्यासाला लागेल तेवढेच द्यावे.

प्रश्नावलीच्या बाबतीत मुंबईत एक सवय पडली आहे: गुगल फॉर्म तयार करायचा, प्राचार्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा आणि वाट पाहायची. प्राचार्य तो अधीक्षकांकडे पाठवतात, अधीक्षक एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याला भरायला सांगतात, आणि नेतृत्वशैलीबद्दलची मते शेवटी भलत्याच माणसाची निघतात. शिवाय ‘मी निर्णयात सर्वांना सामावून घेतो’ यासारख्या विधानासमोर ‘पूर्णतः सहमत’ सोडून दुसरा पर्याय कोण निवडेल? मताऐवजी घटना विचाराव्यात: मागच्या वर्षी समितीच्या बैठका किती झाल्या, विषयपत्रिका किती दिवस आधी पाठवली, कोणता ठराव बदलला. आधी पाच-सहा जणांवर प्रश्नावली तपासून पाहावी. ती फसल्याचे संपूर्ण माहिती गोळा केल्यावर ध्यानात आले, तर ती माहिती लपवू नये. तिला प्राथमिक चाचणीचा दर्जा देऊन, तुमच्या कामाचा आढावा घेणाऱ्या संशोधन सल्लागार समितीसमोर तसे सांगून, सुधारित साधनाने लहान नमुन्यावर पुन्हा काम करावे. समित्या याला सहसा विरोध करत नाहीत.

नियमांकडे दुर्लक्ष केल्यानेही अनेकांचे नुकसान होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) पीएचडीविषयक विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार कोर्सवर्क (पीएचडीतला सक्तीचा अभ्यासक्रम) धरून किमान मुदत ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात, तर महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे २ वर्षांची सवलत आहे. महिलांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजाही घेता येते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) असते आणि त्यात ५५ टक्के गुण लागतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, पण त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे करू असे त्यात म्हटलेले असावे. नेमका हाच मजकूर अनेक प्रमाणपत्रांत नसतो आणि अर्ज परत येतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरणाऱ्यांनी ते एक वर्षच ग्राह्य धरले जातात हे विसरू नये. मार्गदर्शक शोधण्यातच ते वर्ष निघून जाते.

ऑनलाइन पीएचडीच्या जाहिराती दिसल्या की मोह होतो, विशेषतः विरार किंवा बदलापूरहून रोज गाडीला लटकून येणाऱ्या माणसाला, आणि तो मोह मला समजतो. पण दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देण्यास या विनियमांत परवानगी नाही, आणि खासगी शैक्षणिक कंपन्यांनी परदेशी संस्थांच्या साथीने चालवलेले असे अभ्यासक्रम मान्य नसल्याचा इशारा यूजीसी आणि एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. अमेरिकेतली ‘एड. डी.’ ही कार्यरत प्रशासकांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट आहे. तिची आपल्याकडच्या पीएचडीशी समकक्षता गृहीत धरून पैसे भरू नयेत. प्राचार्यपदासाठी पीएचडी आवश्यक आहे हे खरे, पण २०१८ च्या यूजीसी विनियमांनुसार १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंधही लागतात, म्हणून केवळ पदासाठी घाईने मिळवलेली पदवी त्या वाटेवरही अपुरी पडते.

मजकूर उचलण्याबद्दल थोडक्यात सांगते. शैक्षणिक सचोटीविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य दंडाविना चालते, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध ६ महिन्यांच्या आत द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. प्रशासनाच्या प्रबंधांत हे साम्य बहुतेक वेळा कायद्याच्या कलमांतून आणि आयोगांच्या अहवालांतून शिरते. उतारेच्या उतारे न टाकता कलमाचा आशय आपल्या शब्दांत लिहावा आणि मूळ शब्द हवेच असतील तेव्हा अवतरणचिन्हे वापरावीत.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निवृत्तीचे वर्ष विचारायला संकोचू नये. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी अवधी उरलेल्या प्राध्यापकांना नवा संशोधक घेता येत नाही. आधी घेतलेल्यांचे ते निवृत्तीनंतर वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात, मात्र तेव्हा मुख्य मार्गदर्शक दुसरे लागतात. तुमचा विषय त्या दुसऱ्या माणसालाही पेलेल का, याची चौकशी निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी करावी, आणि दर सत्राच्या प्रगती अहवालाची समितीच्या सहीची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण मार्गदर्शक बदलताना तुम्ही आजवर केलेल्या कामाचा लेखी पुरावा म्हणून त्याच प्रती पुढे ठेवाव्या लागतात.