रोटरी फाइलची स्टडी करताय? आधी दात ओले ठेवा

रोटरी फाइलने (रूट कॅनॉल करताना मुळातली नळी साफ करणारी, मशीनवर फिरणारी बारीक सुई) डेंटिनला (दाताचा आतला कठीण भाग) तडे जातात का हे थीसिसला घेतलं असेल तर दात गोळा करायच्या आधी हे वाचा, कारण माझी पहिली अख्खी बॅच वाया गेलीय आणि त्यात फाइलचा काही दोष नव्हता, दात वाळले होते.

एथिकल कमिटीची परवानगी घ्यालच. दात खालचे प्रीमोलर (सुळ्यामागचे), एकच कॅनॉल (मुळातली नळी), मूळ सरळ. सांगली-मिरजेतल्या ओळखीच्या क्लिनिकमध्ये बरण्या देऊन या, पण रिकाम्या नाही, सलाइन किंवा थायमॉलचं (जंतू वाढू न देणारं) पाणी भरूनच, दात काढला की थेट त्यात पडला पाहिजे, कापसात गुंडाळलेला दात घेऊच नका.

माझं काय झालं, मे महिना, भर दुपार, क्राउन (दाताचा वरचा भाग) कापून १६ मिलिमीटरची मुळं केली आणि नंबर घालायला टिश्यू पेपरवर ओळीनं मांडली, वर पंखा फुल. जेवून आले तर मुळं खडूसारखी पांढरी. तरी तशीच पुढं गेले आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली बघते तर कंट्रोल ग्रुपमध्येही तडे, ज्याला फाइल लागलीच नव्हती! डेंटिनमध्ये वजनाच्या साधारण १० टक्के पाणी असतं, ते उडालं की डेंटिन आकसतं आणि आपोआप तडकतं, मग तडा फाइलचा की पंख्याचा हे कसं ठरवणार? म्हणून एका वेळी एकच दात बाहेर, बाकीचे पाण्यात. मोजतानाही ओल्या गॉजमध्ये धरा.

दात काढायच्या फोरसेप्सनेही (चिमट्यानेही) तडे जातात, त्यामुळे आधी प्रत्येक मूळ स्टिरिओमायक्रोस्कोपखाली फिरवून बघा, शंका आली की बाद. मायक्रो-सीटीची (बारीक एक्स-रे स्कॅनची) सोय झाली तर तीच करा, दात कापावा लागत नाही आणि तोच दात आधी-नंतर बघता येतो. २०१४ च्या अशा एका अभ्यासात नंतर दिसलेले सगळे तडे आधीच्या स्कॅनमध्येही होते.

अॅक्रेलिकमध्ये बसवताना मुळाभोवती लाइट बॉडीचा (माप घ्यायच्या पातळ सिलिकॉनचा) पातळ थर द्या. अॅक्रेलिक सेट होताना गरम होतं, तेव्हाही दात ओला हवा.

ग्लाइड पाथ (बारीक फाइलनं आधी केलेली वाट), कंपनीनं दिलेला स्पीड आणि टॉर्क, हायपो (कॅनॉल धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट) सगळ्या ग्रुपला सारखं. काप मुळाच्या टोकापासून ३, ६, ९ मिलिमीटरवर, लो स्पीडनं, पाणी चालू ठेवून. बघणाऱ्याला ग्रुप सांगू नका. फोटो लगेच काढा, आणि सलाइनची बाटली मायक्रोस्कोपशेजारीच असू दे.